एका घरात दोन मंगल

आमच्या घरात मला मान होता तो माझ्या नाकामुळं. माझ्या वडिलांचा, आबांचा, कोल्हापूरच्या शाहूपुरीत मिरची कांडपाचा डंक होता. पुढच्या खोलीत डंक, मधल्या दोन खोल्यांत आम्ही आणि मागच्या परसात भाजायची चूल, असं ते लांबट घर. डंक म्हणजे लोखंडी मुसळांची रांग, मोटारीवर वर-खाली होणारी. ती सुरू झाली की पिंपातलं पाणी थरथरायचं आणि आम्ही घरातली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. नवखे पाहुणे घाबरून विचारायचे, भांडण चाललंय का? भांडण नसायचं, डंक चालू असायचा. शिवरात्र झाली की वर्षाच्या चटणीचा हंगाम लागायचा. बायका पिशव्या भरभरून मिरच्या, खोबरं, तीळ, धने घेऊन यायच्या, आणि ज्यांना घरी भाजायला वेळ नसे त्यांचं आई मागं चुलीवर भाजून द्यायची. चटणीची खरी गोम त्या भाजण्यात असते. धने जरा आधी उतरवले तर चटणी कच्ची लागते, जरा उशीर झाला तर वर्षभर कडू खावी लागते. ती वेळ डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळते. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून आबा पुढून हाक मारायचे, "मंगे, वास घे गं!" मी हातातलं टाकून मागं पळायचे, कढईवर वाकायचे आणि म्हणायचे, "आता." आई कढई उतरवायची. शिंका आणि डोळ्यांतलं पाणी घरादाराच्या वाट्याला होतं, पण 'आता' म्हणायचा अधिकार माझा एकटीचा होता. मला गणित येत नव्हतं, दिसायलाही मी बेताचीच. पण गिऱ्हाईक बायका आबांना बजावून जायच्या, "चौगुलं, मंगलला वास घ्यायला सांगा हं." आबा दर कढईमागं मला एक नाणं द्यायचे. त्याला आमच्या घरात 'वासाचे पैसे' म्हणत.

दादाचं लग्न ठरलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मुलगी आजऱ्याची, काजूच्या कारखान्यात कामाला जाणारी. बघायला गेलो तेव्हा तिनं पोह्यांची बशी पदराखाली हात धरून दिली. काजूचा चीक लागून तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती, ती तिला दिसू द्यायची नव्हती. मला दिसली. मी परतीच्या एसटीत आईच्या कानात ते सांगितलंही. आईनं मनावर घेतलं नाही, मुलगी सगळ्यांना पसंत पडली होती. अडचण एकच निघाली, मुलीचं नाव मंगल. "एका घरात दोन मंगल कशा चालतील?" आई म्हणाली. "हाक एकीला मारायची नि दोघी पळत यायच्या." लग्नात मुलीचं नाव बदलायची आमच्यात रीतच होती. तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, झालं. माझ्या सुनेचं नाव आम्ही बदललं नाही, तिनं बदलूही दिलं नसतं. पण तेव्हा नव्या मुलीला विचारायची पद्धत नव्हती. दादानं आईला विचारलं, "मग काय ठेवायचं?" आई हसून म्हणाली, "मंगीलाच इचारा की. तिच्यापायी बदलायचं, तर तीच सांगंल."

मी 'कुसुम' म्हणाले. त्या काळच्या मुलींची नावं सुनीता, अनिता, वैशाली अशी असत. कुसुम म्हणजे आमच्या गल्लीतल्या दात पडलेल्या बायकांचं नाव, तपकीर ओढणाऱ्या. दादानं माझ्याकडं जरा बघितलं, पण लग्नाची घाई होती, त्यानं मांडवात तांदळात 'कुसुम' लिहून टाकलं. नवी नवरी खाली मान घालून बसली होती. तिनं ते ताट वाचलं आणि मान वर करून माझ्याकडं बघून हसली. ते नाव मी दिलंय हे तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं आणि तिला वाटलं होतं की नणंदेनं हौसेनं दिलंय. तिच्या त्या हसण्याचा मला तेव्हासुद्धा राग आला होता.

आता खरं लिहायचं ठरवलंय तर लिहून टाकते. मी वहिनीवर जळत होते. तिनं माझं काही वाईट केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त येताना माहेरून घनसाळ तांदळाचं पोतं आणलं. पहिल्यांदा तो भात शिजला तेव्हा त्याचा वास पुढच्या खोलीत डंकापर्यंत गेला, मिरचीच्या खकाण्यातून वाट काढून. आबा डंक बंद करून जेवायला आले, वेळेच्या आधी. माझ्या आठवणीत आबांनी गिऱ्हाईक असताना डंक कधी बंद केला नव्हता. मला दुसऱ्यांदा भात हवा होता, पण मी "नको" म्हणाले आणि ताटावरून उठले. रविवारी मटण असायचं, तांबडा-पांढरा दोन्ही रस्सा. पांढरा रस्सा आईचा, त्यात कुणी हात घालायचा नाही असा नियम होता. दोन महिन्यांत आईनं तो स्वतःहून वहिनीच्या हातात दिला, आणि आबा वाटी पुढं करून म्हणाले, "घाल गं पोरी अजून." पोरी! घरात पोर एकच होती, ती समोर बसून भाकरी कुस्करत होती.

आणि मग तो दिवस आला. मी कॉलेजातून आले तर मागून धन्यांचा वास येत होता. दप्तर टाकून धावत गेले. कढई उतरवून बाजूला ठेवलेली, धने तांबूस, नेमके. चुलीपाशी वहिनी. "वन्सं, तुम्ही न्हवता म्हणून मामंजी म्हणालं तू बघ," ती म्हणाली. मी एक धना चावून बघितला. कच्चा असावा, करपलेला असावा, काहीतरी असावं म्हणून चावला. काही नव्हतं. काजू भाजणाऱ्या बाईला भाजण्यातलं काय सांगावं! त्यानंतर आबा कधी मला हाक मारायचे, कधी तिला. मग जास्त वेळा तिला. मग मी घरात असले तरी तिलाच. "कुसुम, वास घे गं!" अशी हाक पुढून आली की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, डंक बंद असला तरी. वासाचे पैसे बंद झाले. नाण्याचं मला काही नव्हतं, पण आबांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

पुढच्या वर्षी ऐन हंगामाच्या तोंडावर डंकाची मोटार जळाली. दुरुस्त करून रखडत चालत होती, पण पूर्ण हंगाम ओढेल असं वाटेना. नवी घ्यायची तर पैसे नव्हते. जेवताना आबा नुसतं ताकच पीत बसले होते. तेव्हा वहिनी आतून म्हणाली, "मामंजी, माझं पैसं यायचं हाईत." कारखान्याचे मालक बायकांच्या पगारातून दर महिन्याला थोडे कापून ठेवत आणि लग्न झालं की एकरकमी देत. तिचे चार वर्षांचे साडेतीन हजार होते. मालकांनी ते कोल्हापूरच्या बँकेत पाठवतो म्हणून कळवलं होतं. आबांनी आधी नाही म्हटलं, मग दोन दिवसांनी हो म्हटलं, आणि तिच्या शब्दावर मोटार सांगून आले. गल्लीत दोघा-चौघांना सांगितलंसुद्धा, सुनेनं मोटार दिली म्हणून. मी ते पाणी भरताना नळावर ऐकलं. माझा तिळपापड झाला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटी सहकारी बँक होती. आबांचं, दादाचं, माझं खातं तिथंच, आणि लग्नानंतर दादानं वहिनीचंही काढलं होतं, नव्या नावानं. काउंटरवर यशवंतकाका असायचे. त्यांना सगळी गल्ली तोंडपाठ. खात्याचा नंबर सांगितला तर त्यांना अपमान वाटायचा. "नंबर काय सांगतीस, तुझ्या बापाला वळखतो की मी!" असं म्हणून ते बरोबर तुमचं पान काढायचे. मी दिवाळीची ओवाळणी भरायची राहिली होती ती घेऊन गेले. काकांनी पासबुक घेतलं, काहीतरी आठवून चष्मा वर केला आणि मोठ्यांदा म्हणाले, "मोठी मानसं झालासा की पोरी! आजऱ्यासनं पैसं आल्यात तुझं. नोकरी-बिकरी धरलीस का काय?" आणि त्यांच्या त्या वळणदार अक्षरात पासबुकावर लिहिलं. तारीख, आजरा, साडेतीन हजार. शाई ओली होती म्हणून त्यांनी वर टिपकागद दाबला.

मला लगेच कळलं. नंतर कळलं, गोंधळ झाला, असं काही नाही. मालकांना आमचं आडनाव कळवलं होतं, पण त्यांच्या लेखी ती मंगलच होती, चार वर्षं त्यांनी मंगलच्याच नावावर पैसे कापले होते. त्यांनी 'मंगल चौगुले' लिहून पाठवलं. आणि यशवंतकाकांना मंगल चौगुले एकच ठाऊक होती, जी फ्रॉक घालत होती तेव्हापासून. कुणी नंबर विचारला नाही, कुणी दिला नाही. मी फक्त "माझे नव्हेत" एवढं म्हणायचं होतं. काका वाट बघत होते, त्यांना नोकरीचं ऐकायचं होतं. मी मान हलवली. हो अशी हलवली की नाही अशी, ते मलाही सांगता येणार नाही. मग पासबुक घेऊन घरी आले आणि ट्रंकेत तळाशी, वर्तमानपत्राखाली ठेवलं. त्या पैशांचं मला काहीही घ्यायचं नव्हतं, साडीचा तुकडासुद्धा नाही. ते तिला मिळू नयेत, एवढंच हवं होतं.

गेल्या महिन्यात माझ्या मोबाइलवर टिंग करून निरोप आला, खात्यात पंचवीस हजार जमा. मला कुणाकडून यायचे नव्हते. मुलगा म्हणाला, "आई, हात लावू नकोस. आणि कुणी फोन करून चुकून आलेत, परत पाठवा म्हणालं, तर परस्पर पाठवू नकोस. फसवणूकही असते. बँकेलाच कळव." मी त्याचं बोलणं संपायच्या आत चपला घातल्या होत्या. बँकेत अर्ज लिहून दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, इतक्या तातडीनं कुणी येत नाही हो, लोक आम्ही फोन करेपर्यंत गप्प बसतात." तिला काय सांगणार? मी एकदा बावीस दिवस गप्प बसलेली बाई आहे.

त्या बावीस दिवसांत दोनदा मी बँकेत गेले. पाच-पाच रुपये भरले. खरं तर तो आकडा जाग्यावर आहे का ते बघायला गेले होते. घरात वहिनी रोज दादाला विचारायची, "आलं का हो?" दादा बँकेत जाऊन विचारायचा, "कुसुमचं काय आलंय?" काका कुसुमचं पान काढून बघायचे आणि म्हणायचे, "काय न्हाय बाबा." मोटारवाल्याचा माणूस एकदा आला, दोनदा आला, तिसऱ्यांदा सांगून गेला की दुसरं गिऱ्हाईक आहे. मोटार गेली. जुनीवर दिवसाला चार-पाच पिशव्या निघायच्या, बायका दोन तास बसून कंटाळून दुसऱ्या डंकावर जायच्या. आबा गल्लीतून मान खाली घालून यायला लागले. आई आधी नुसतीच भांडी आपटायची, मग बोलायला लागली. "हवंतल्या गोष्टी सांगायच्याच कशाला मी म्हंते!" पांढरा रस्सा आईनं परत स्वतः करायला घेतला. एका संध्याकाळी जेवताना वहिनीनं भीत भीत विचारलं, "मालकास्नी माझं नवं नाव ठावं न्हाय. मंगल म्हणून तर धाडलं नसंल?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, "मंगल म्हणून आलं असतं तर माझ्या खात्यात दिसलं असतं की. परवाच बँकेत गेलतो मी. काय न्हाय." आमच्याकडं मुलीही 'गेलो-आलो'च म्हणतात, त्यामुळं ते वाक्य मला आजही माझ्या त्या वेळच्या आवाजात ऐकू येतं, ठणठणीत, जराही न अडखळलेलं. वहिनी म्हणाली, "व्हय, मग न्हाईच म्हणायचं," आणि भाकरी थापायला वळली. तिनं माझ्यावर एका क्षणात विश्वास ठेवला, याचाही मला रागच आला.

मग ती आजऱ्याला जाऊन आली. मालकांनी पैसे पाठवल्याची पावती दाखवली, पण हातात दिली नाही. ती परत येऊन तेच सांगत राहिली, "धाडल्यात म्हणत्यात वो, मी डोळ्यांनी बघितलं." आईला आता पक्कं कळलं होतं, पैसे माहेरच्यांनी घेतले. दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू जा तुझ्या आईकडं. पैसं घावलं की ये." किती दिवसांसाठी ते बोलला नाही, आणि आबांनी त्याला अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या गाडीनं निघायचं ठरलं. वहिनीनं पिशवी भरून खुंटीला अडकवली. मी ती पिशवी बघितली आणि मला बरं वाटलं. असं वाटलं की घर परत आपल्या मापाचं झालं.

त्याच दुपारी एका लग्नघरची वीस किलोची चटणी आली. आबांनी कितीतरी महिन्यांनी ती हाक मारली, "मंगे, वास घे गं!" मी उठले, पदर खोचला, आणि मागं जाऊन कढईवर वाकले. आई ढवळत होती. पलीकडं मोरीपाशी वहिनी पाठमोरी बसून भांडी घासत होती. मी वास घेतला. काही कळेना. धने होते, तेल होतं, धूर होता, पण वेळ कुठली ते कळेना. सर्दी नव्हती, काही नव्हतं. इतके दिवस त्या पासबुकाची धास्ती पोटात घेऊन फिरत होते, तिनं नाकसुद्धा बंद केलं होतं की काय कोण जाणे. आईनं विचारलं, "मंगे?" मी "थांब" म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा "थांब" म्हणाले. लग्नघरची बाई पुढून डोकावून बघत होती.

"वन्सं, आता," वहिनी म्हणाली. भांड्यांच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं. मान वळवली नाही, हातातली राखसुद्धा ठेवली नाही. "आता!" मी मोठ्यांदा म्हणाले. आईनं कढई उतरवली. आबा आले, चिमटीत धने घेऊन चोळले, नाकाशी नेले आणि त्या लग्नघरच्या बाईला म्हणाले, "नाक बघा माझ्या लेकीचं!" बाईनं कौतुकानं माझ्या पाठीवर थाप मारली. वहिनी पातेलं घासत होती. दुसऱ्या दिवशी ज्या घरातून तिला जायचं होतं, त्या घराची वीस किलो चटणी आणि माझी अब्रू तिनं वाचवली होती, आणि वर तिला ते कुणाला कळायलाही नको होतं. मी परसातून आत आले आणि ट्रंकेपाशी जाऊन बसले.

सकाळी बँक उघडायच्या आधीच मी पायरीवर होते. यशवंतकाकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. "अगं बया! गप ऱ्हा जरा. हितली रक्कम खोडतो नि तिकडं लिवतो, हाय काय नि न्हाय काय." मी म्हणाले, "न्हाय काका. सायबांस्नी सांगा. ती गाडीला निघालीया. तिचं पैसं आलतं हे आमच्या घरात समद्यांस्नी कळाय पायजे." साहेबांनी अर्ज लिहून घेतला. 'सदर रक्कम माझी नसून चुकून माझ्या खात्यावर जमा झाली आहे,' त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. 'केव्हा कळले' असं त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी ते लिहिलं नाही. मग ते म्हणाले, ज्यांचे आहेत त्यांना घेऊन या, आणि त्या पूर्वीच्या मंगल आहेत याचा काहीतरी पुरावा आणा. मी पळत घरी गेले. वहिनी चपला घालत होती. "पैसं आल्यात," मी दारातूनच ओरडले, "बँकेनं माझ्या खात्यात घातल्यात, आत्ता कळलं!" आत्ता कळलं, हे मी पळता पळता ठरवलं होतं.

पुरावा शोधायला अर्धा तास गेला. वहिनीजवळ ती मंगल होती असं सांगणारा कागदाचा चिटोराही नव्हता. शाळेचा दाखला माहेरी. शेवटी आईनं देवाच्या फडताळातून लग्नपत्रिका काढली, हळद लागलेली. त्यावर छापलं होतं, चि. सौ. कां. मंगल. घर सोडून सगळे बँकेत गेलो. साहेबांनी पत्रिका वाचली, वहिनीला विचारलं, "ह्या तुम्हीच का?" तिनं 'हो' म्हणायला जरा वेळ लावला. दादा खिडकीतून बाहेर बघत होता, तिच्याकडं बघायची त्याला सोय राहिली नव्हती. आबा यशवंतकाकांवर तापले होते. "अरं, पर आलतं तरी कवा हे पैसं?" काका माझ्याकडं बघत होते, आणि माझं पासबुक काउंटरवर उघडं पडलं होतं. वहिनीनं ते उचललं.

ती सातवी शिकलेली होती. तिनं बोट लावून वाचलं. काळं बोट आधी तारखेवर थांबलं, मग खालच्या ओळीवर, पाच रुपये, मग त्याच्या खालच्या ओळीवर, पाच रुपये. मग परत वर तारखेवर आलं. तिनं पासबुक मिटलं. "शाई फुटलीया मामंजी," ती म्हणाली, "तारीख काय लागत न्हाय. आठ-चार दिस झालं असतील. बँकेचीच चूक ती, वन्संस्नी काय म्हाईत!" आणि पासबुक माझ्या हातात देऊन, "जपून ठेवा," एवढंच म्हणाली. शाई फुटलेली नव्हती. काकांनी टिपकागद दाबला होता, अक्षर लख्ख होतं.

अशा वेळी माणसाला पश्चात्ताप व्हावा, डोळे भरून यावेत. माझं तसं झालं नाही. त्या क्षणाइतका वहिनीचा दुस्वास मी आधीही केला नव्हता आणि नंतरही नाही. भात तिचा चांगला, रस्सा तिचा चांगला, नाक तिचं चांगलं, आणि आता मनही तिचंच चांगलं! मला ठेवायला तिनं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. तिनं मला सगळ्यांदेखत उघडं पाडलं असतं तर मी तिच्याशी कडाकडा भांडले असते आणि मोकळी झाले असते. घरी आल्यावर तिनं पिशवी रिकामी केली, कपडे परत घडी घालून ठेवले, आणि दुपारी हंगामाची उरलेली चटणी भाजायला बसली. नवी मोटार आली तेव्हा मे महिना लागला होता, निम्मी गिऱ्हाइकं गेलेली होती. ती परत यायला दोन हंगाम लागले.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, हातकणंगल्याला. तिथं मोठ्या जावेचं नाव मंगल होतं. तांदळाच्या ताटात मी 'शैलजा' झाले, आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावरचं, पासबुकावरचं, आबांच्या हाकेतलं नाव एका सकाळीत गेलं. पाठवणीच्या वेळी वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली. तेव्हा मी आईला म्हणू शकले असते, आता घरात एकच आहे, हिला मंगल म्हणा की. जिभेवर आलं होतं. नाही म्हणाले. माहेरी गेल्यावर तरी ते नाव माझंच असावं असं वाटलं. आबा, आई जाईपर्यंत मला मंगीच म्हणायचे, आणि ती आजतागायत कुसुम. तिला मंगल म्हणणारं शेवटचं माणूस म्हणजे तिची आई, तीही दोन वर्षांपूर्वी आजऱ्याला वारली.

त्या पंचवीस हजारांचा अर्ज देऊन आले आणि मला घरात बसवेना. चौथ्या दिवशी रेल्वेनं कोल्हापूरला गेले. तारीख वाचली होती ना तुम्ही, एवढं वहिनीला विचारायचं होतं, आणि शाई फुटलेली नव्हती एवढं सांगायचं होतं. आणखी एक ठरवलं होतं. दादाचे गुडघे गेलेत, तो पुढं खुर्चीवर झोपला होता. भाचा डंकावर, डंक जोरात चालू. मी मागं परसाच्या दारात गेले. वहिनी पाठमोरी कढईवर वाकली होती, केस पांढरे, आता जरा ऐकायलाही कमी येतं. धन्यांचा वास सुटला होता. वेळ अजून झाली नव्हती, तेवढं मलाही कळलं. गाडीत मी मनातल्या मनात घोकत आले होते, तशी हाक मारली, डंकावर आवाज चढवून, "मंगल! मंगल हाय काय घरात?"

तिनं झारा थांबवला नाही, मागंही बघितलं नाही. आमच्या घरात बोलतात तसं ओरडून म्हणाली, "मंगल हितं न्हाय पावणं, हातकणंगल्याला दिलीया तिला! काय काम हुतं?"